दोन चमच्यांमधली गोळी

ज्यांना सलाईनमधून केमो मिळते, त्यांचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला फार चांगली बाई समजणार नाही.

त्यांना वॉर्डात आरामखुर्ची मिळते. नर्स हाताला धरून बसवते. नातेवाईक शहाळी घेऊन येतात, शेजारच्या खुर्चीतल्या पेशंटशी ओळख होते, कुणीतरी डोक्यावरून हात फिरवतं. मला काय, तर गोळ्या. पिशवीत घालून घरी आणायच्या आणि जेवण झालं की घ्यायच्या. "गोळ्यांवरच भागलं ना, मग काय एवढं," असं मला निदान वीस जणांनी ऐकवलं. गोळीतून येते तीही केमोच, हे त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्या दिवसांत मलाही ते पुरतं पटलं नव्हतं.

आमच्या हॉस्पिटलातल्या शेख सिस्टर म्हणाल्या, ताई, तुम्ही लिहिता-वाचता, अनुभव लिहून काढा, नवीन पेशंटना उपयोग होईल. मी दोन पानं लिहून नेली. त्यात पायांना काय लावायचं, तोंड आल्यावर काय खायचं, सगळं होतं. एक गोष्ट तेवढी गाळली होती. ती गाळून लिहिलेल्याचा कुणाला उपयोग नाही, म्हणून हे पुन्हा लिहिते आहे.

निदान

मी अंगणवाडी सेविका. नागापूरच्या पुढे एका वस्तीवर सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवली. गरोदर बायकांची नोंद ठेवायची, मुलांची वजनं करायची, लोहाच्या गोळ्या वाटायच्या आणि त्या खरंच घेतल्या का ते घरोघरी जाऊन बघायचं, हे माझं आयुष्य.

मला वर्षभर धाप लागत होती. संडासला रक्त पडायचं, ते मी मूळव्याधीवर ढकललं. एका शिबिरात गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन तपासत होते. तिथल्या मुलीने गमतीत माझंही बोट टोचलं. रांगेतल्या सगळ्या बायकांपेक्षा माझं कमी निघालं. लोहाच्या गोळ्या वाटणाऱ्या बाईच्या अंगात रक्त नाही म्हणून त्या हसल्या, मीही हसले. ती मुलगी मात्र हसली नाही. तिने चिठ्ठी लिहून दिली.

नगरला दुर्बिणीची तपासणी झाली. आतड्यात गाठ होती. डॉक्टर बोलत होते तेव्हा आमचे हे रिपोर्ट हातात घेऊन उलटासुलटा करत होते. एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस, त्यांना प्रत्येक कागदावर माप दिसतं.

"गाठ हाय म्हंजी काढून टाकता यील ना?" त्यांनी विचारलं.

"काढू. बाहेर पाठवून तपासू. मग पुढचं ठरवू," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर यांनी मला रसवंतीवर नेलं आणि उसाचा रस पाजला. एक संपल्यावर न विचारता दुसरा ग्लास मागवला. दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. शेजारच्या बाकावर एक बाई नवऱ्याशी साडीवरून भांडत होती. दुकानदाराने दाखवलेला रंग वेगळा आणि बांधून दिलेला वेगळा, असं काहीतरी. तिचा चेहरा मला अजून आठवतो, कारण आयुष्यात कुणाचा एवढा हेवा वाटला नव्हता. भांडायला तिच्याकडे साडी होती.

शेख सिस्टरांचा कागद

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभराने गोळ्या सुरू करायच्या ठरल्या. सकाळी तीन, संध्याकाळी तीन, चौदा दिवस. मग सात दिवस सुट्टी. असे आठ फेरे.

शेख सिस्टरांनी मला समोर बसवून एक कागद वाचून दाखवला. हे तेव्हा औषधांच्या दुकानाच्या रांगेत होते. मी मान डोलवत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बाई, असे कागद मी स्वतः शेकडो बायकांना वाचून दाखवलेत.

गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर. अख्खी गिळायची, तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची नाही. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. उरलेल्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, इथे आणून द्यायच्या. गोळी घेतल्यावर हात धुवायचे. संडासात भरपूर पाणी दोनदा टाकायचं. जुलाब नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त झाले, ताप आला, तोंड इतकं आलं की पाणी जाईना, तर थांबून बघायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

"आणि दुसऱ्या कुणी या गोळ्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "गरोदर बाईने तर मुळीच नाही. दिवस राहायची शक्यता असलेल्या बाईनेसुद्धा नाही. घरी कोण कोण आहे?"

"हे, मुलगा आणि सून. लग्नाला पाच महिने झालेत त्यांच्या."

"मग सुनेला आठवणीने सांगा."

"सांगते," मी म्हटलं आणि सही केली.

घरी आल्यावर मी वेळा सांगितल्या, फेरे सांगितले. न शिवण्याचं सांगितलं नाही. त्या दिवशी मनात काही काळंबेरं नव्हतं. नव्या सुनेला 'माझ्या औषधाला हात लावू नकोस, ते विषारी आहे' असं कसं सांगायचं, याची लाज वाटली. ऑपरेशननंतर मला अंघोळ घालायला तिनेच हात दिला होता. मी म्हटलं, डबी मी माझ्या उशाशी ठेवीन, झालं.

चमचे

गोळी मोठी. माझा घसा मुळातच लहान. पहिल्या सकाळी दोन कशाबशा गेल्या, तिसरी घशात अडकली आणि ओकारी येऊन सगळंच बाहेर पडलं. सून धावत आली. पल्लवी तिचं नाव. सोनईची, बी.कॉम. झालेली, हसरी. सगळ्यांना पहिल्या दिवसापासून आवडलेली.

"आत्या, एवढी मोठी गोळी कशी जाणार?" ती म्हणाली.

आणि मी, सत्तावीस वर्षांची सेविका, तिला म्हणाले, "दोन चमचे आण."

अंगणवाडीत जंताच्या गोळ्या द्यायचा दिवस असतो. अगदी लहान मुलांना गोळी गिळता येत नाही. ती एका चमच्यात ठेवायची, वरून दुसरा चमचा दाबायचा, फिरवायचा, की भुकटी होते. मग पाण्यात कालवून पाजायची. हजारो वेळा केलेलं काम. हाताला ते इतकं सरावाचं होतं की सिस्टरांचं 'कुटायची नाही' मला आठवलं, आणि आठवूनही वाटलं, चमच्याने चुरणं म्हणजे काही कुटणं नव्हे. माणूस स्वतःला कसं पटवतं ते बघा.

माझ्या बोटांत जोर नव्हता, म्हणून पल्लवीने चुरलं. दुसऱ्या दिवसापासून ते तिचं कामच झालं. सकाळी आणि संध्याकाळी, जेवण झालं की ती चमचे आणि मधाची बाटली घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसायची. चुरताना काहीबाही सांगायची. सोनईच्या शाळेत पीटीच्या सरांनी तिला कसं पळवलं होतं, सुमेध झोपेत कंपनीच्या मशीनचे नंबर बडबडतो, असलं. सुमेध माझा मुलगा, तोही एमआयडीसीतच शिफ्टला जातो. बरं व्हायला आलेल्या माणसाकडे घर फार दिवस बघत नाही. यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा केला होता. दिवसभरात माझी अशी ती दहा-दहा मिनिटंच होती. कडू भुकटीने जीभ सोलून निघायची, तरी मी त्या वेळेची वाट बघायचे.

पहिल्या फेऱ्याच्या शेवटी तळहात लाल झाले. तळवे इतके हुळहुळे की फरशीवर पाय टेकवताना डोळ्यांत पाणी यायचं. दुसऱ्या फेऱ्यात कातडी सोलायला लागली. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटेना. दुकानदार म्हणाला, "ताई, अंगठा पुसून लावा." मी म्हटलं, पुसलाच गेलाय. हे कुणाला होत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. मलम मिळतं, गोळीचं प्रमाण कमी करता येतं. गरम पाण्याची भांडी घासू नका, घट्ट चप्पल घालू नका. मी लपवलं, कारण गोळी कमी केली तर आजार जास्त होईल अशी माझी समजूत. ती चूक होती.

एका घरात दोन उलट्या

दुसऱ्या फेऱ्यानंतरची सुट्टी होती. सकाळी मी मोरीत उलटी करत होते, आणि मागे आणखी कुणाचा तरी आवाज आला. वळून बघितलं तर पल्लवी दाराला धरून उभी. "आत्या, सरका जरा," म्हणाली आणि माझ्या शेजारीच ओकली.

मी नुसत्या नजरेने ओळखलं. नोंदवहीत अशा किती बायकांची नावं मी घातली होती. तिला दीड महिना होऊन गेला होता.

मला आनंद झाला. झाला, खोटं का बोलू. तो दुपारपर्यंत टिकला. दुपारी सुमेध अर्ध्या शिफ्टमधून पेढे घेऊन आला. यांनी टीव्ही बंद केला. माझ्या कॅन्सरला नुसता आवाज कमी झाला होता, तोही थोडेच दिवस. शेजारणी चिंचा, आवळे, कैरीचं लोणचं घेऊन आल्या आणि मला ओलांडून आत तिच्या खोलीत गेल्या. तिला उलटी झाली की सगळे हसायचे, कौतुकाने पाठ चोळायचे. मला झाली की फिनेल टाकायचे. तिला वास सहन होत नाही म्हणून माझा पलंग पुढच्या खोलीत, दाराजवळ हलवला. कुणी मला वाईट वाटावं म्हणून केलं नव्हतं. मला वाईट वाटलं.

जळफळाट म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. ती आंबट खाऊ शकत होती, माझं तोंड आलेलं. तिच्या गालावर तेज येत होतं, माझा चेहरा काळवंडत होता. तिच्या पोटात वाढणाऱ्या गोष्टीसाठी सगळे दिवस मोजत होते आणि माझ्या पोटात वाढलेल्या गोष्टीचं नावसुद्धा घरात कुणी घेत नव्हतं.

सुट्टीचे पाच दिवस उरले होते. गोळ्यांचं तिला सांगायला मला ते पाच दिवस होते. मी रोज ठरवायचे, आज सांगू. सांगितलं की काय होईल तेही मला दिसत होतं. ती घाबरेल. सुमेध तिला माझ्याजवळ येऊ देणार नाही. आणि माझी ती दहा मिनिटं जातील.

तिसरा फेरा सुरू झाला त्या सकाळी पल्लवीची आई सोनईहून आली होती, डिंकाचे लाडू घेऊन. पल्लवी तिच्याशी बोलत बसली होती. मला वाटलं, आज काही ती येत नाही, बरंच झालं, मी पाण्याबरोबर अख्खी गिळून बघते. तेवढ्यात ती उठली. स्वतःच्या आईला अर्ध्या वाक्यात सोडून उठली.

"आत्या, गोळीची वेळ झाली," असं म्हणत चमचे घेऊन माझ्याजवळ आली.

मी तिच्या आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला जिंकल्यासारखं वाटलं. मी डबी पुढे केली.

अकरा दिवस मी ती डबी पुढे केली. दिवसातून दोनदा. मी विसरले नव्हते. एकदाही विसरले नव्हते. चुरताना उडणारी पांढरी भुकटी उन्हाच्या तिरिपेत मला दिसायची.

"विसरले"

बाराव्या दिवशी मी पडले. तीन दिवस जुलाब होत होते. सिस्टरांनी सांगितलेला आकडा पहिल्याच दिवशी ओलांडला होता, पण फोन केला नाही. संडासातून येताना भिंत धरली ती सुटली.

आता मला सलाईनही मिळाली, खाटही मिळाली. सगळे भोवती उभे होते. शेख सिस्टर सुई टोचता टोचता विचारत होत्या. जुलाब किती, पाणी किती, गोळ्या कशा घेता.

मी बोलायच्या आत पल्लवीच म्हणाली, "त्यांना गिळता येत नाहीत ना, मी दोन चमच्यांत बारीक करून मधातून देते."

सिस्टरांचा हात थांबला. त्यांनी पल्लवीकडे बघितलं. पल्लवीने नेमका तेव्हाच ओढणीचा बोळा नाकाशी धरला होता, हॉस्पिटलच्या वासाने.

"कितवा महिना?" सिस्टरांनी विचारलं.

"तिसरा लागलाय."

सिस्टर बाहेर जाऊन डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की गोळ्या आजपासून बंद, मी सावरले की कमी प्रमाणात सुरू करू, अख्खी गोळी गिळायची युक्ती सिस्टर शिकवतील. पल्लवीला म्हणाले, "नुसता हात लागला म्हणून काही होईलच असं नाही. पण भुकटी नाकातोंडात जाऊ शकते, आणि हे दिवस नाजूक असतात. काही होणार नाही अशी खात्री मी देऊ शकत नाही. तुमच्या डॉक्टरीणबाईंना आजच सगळं सांगा. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चुकवू नका."

सुमेध माझ्याकडे वळला. "आई, तुला इथं सांगितलं नव्हतं का?"

सिस्टरच बोलल्या, बिचाऱ्या माझ्या बाजूने. "या औषधात पेशंटला भान राहत नाही हो. विसरल्या असतील."

"विसरले," मी म्हटलं.

आणि सगळ्यांनी ते घेतलं. सुमेधने माझ्या पायावर हात ठेवला. पल्लवी म्हणाली, "आत्या, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका." त्या क्षणी मला तिचा पुन्हा हेवा वाटला. तिला माझ्यावर संशयसुद्धा घेता येत नव्हता.

बाक

सोनोग्राफीला नऊ-दहा आठवडे होते. त्या दिवसांत मला स्वतःच्या आजाराची भीती वाटल्याचं आठवत नाही. अख्खी गोळी गिळायला मी शिकले. हनुवटी किंचित खाली, आधी एक घोट, मग गोळी, मग मोठा घोट. तीन दिवसांत जमलं. तीन दिवसांचं काम होतं ते. डबीला आता फक्त माझे हात लागत. संडासही वेगळा केला, यांनी मागच्या अंगणातला जुना दुरुस्त करून दिला.

पल्लवी सुकत चालली. तिची आई दर चार दिवसांनी सोनईहून यायची आणि मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात तिला बोलायची.

"तुला कुनी सांगितलं हुतं गं कुटायला? शिकल्याली ना तू? पाकिटावं काय लिव्हलंय ती वाचायचं न्हाई?"

"आई, त्यांना गिळता येत नव्हतं."

"मंग त्येंच्या लेकानं कुटायचं. पोटातल्याचं काय झालं तर कुनाला जबाब देशील?"

पल्लवी उलट बोलायची नाही. मी भिंतीच्या अलीकडे पडून ऐकायचे.

सोनोग्राफीच्या दिवशी सुमेधला सुट्टी मिळाली नाही. विहीणबाई एसटीने थेट दवाखान्यात येणार होत्या. मी आणि पल्लवी बाहेरच्या बाकावर बसलो. तिला पाणी पिऊन थांबायला सांगितलं होतं. बाटली हातात धरून ती मला म्हणाली, "आत्या, काही वेडंवाकडं निघालं ना, तर ती माझी चूक. मी हातसुद्धा नीट धुवायचे नाही. चमच्याला चिकटलेला मध एक-दोनदा चाटलाय मी. कुणाला सांगितलं नाही."

मी सत्तावीस वर्षं गरोदर बायकांसमोर बसले आहे. त्यांनी कुणालाच न सांगितलेलं मला सांगितलं आहे. त्या बाकावर मला वाटलं, या पोरीने हे माझ्याऐवजी जगातल्या कुणालाही सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"तुझी चूक नाही," मी म्हटलं. "मला माहीत होतं. मी विसरले नव्हते."

तिला आधी कळलं नाही. "म्हणजे?"

"सिस्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, सुनेला सांगा. मी सही केली होती. तुला दिवस राहिले तेव्हाही मला आठवत होतं. रोज आठवत होतं. तू माझ्याजवळ येऊन बसायचीस, ते बंद होईल म्हणून सांगितलं नाही. आणि..." पुढचं जड गेलं. "आणि सगळे तुझंच कौतुक करत होते, ते मला बघवत नव्हतं."

ती बाटलीचं झाकण फिरवत होती, बंद झालेलं झाकण.

"बाळाचं वाईट व्हावं असं वाटत होतं तुम्हाला?"

"नाही." आणि मग, कारण आता अर्धंमुर्धं सांगण्यात अर्थ नव्हता, मी म्हटलं, "मी तिथवर विचारच करत नव्हते. करायचाच नाही असं ठरवलं होतं."

आतून तिचं नाव पुकारलं. त्याच वेळी विहीणबाई जिना चढून आल्या. पल्लवी उठली आणि आईचा हात धरून आत गेली. दार लागलं. मी बाकावर बसून राहिले. माझ्या पुढच्या तपासणीत गाठ परत आली आहे की नाही ते कळणार होतं. त्या क्षणी कुणी म्हणालं असतं, तुझा रिपोर्ट वाईट येऊ दे आणि तिचा चांगला, तर मी पुन्हा सही केली असती, या वेळी कागद वाचून.

विहीणबाई बाहेर आल्या. "नीट हाय म्हन्ली डॉक्टरीनबाई. सगळं जागच्या जागी हाय." त्या मलाच सांगत होत्या, कारण त्यांना अजून काही ठाऊक नव्हतं. मागून पल्लवी आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे सुमेधला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

मी त्या संध्याकाळी सांगितलं. सुमेध जेवणाच्या ताटावरून उठला. दीड महिना तो माझ्याशी कामापुरतं बोलला. हे मात्र रात्रीची भांडी घासून आले आणि एवढंच म्हणाले, "तू मला सांगायचं हुतं. मी बसलो असतो तुझ्यापाशी." मी म्हटलं, तुमचा टीव्ही चालू होता. खरं तर तो टोमणा मारायची ती वेळ नव्हती, पण मारला.

उरलेले फेरे

पल्लवी सातव्या महिन्यात माहेरी गेली. निघताना पाया पडली, बोलली नाही. माझे फेरे संपत आले होते. शेवटचे दोन फेरे आणखी कमी प्रमाणात दिले. हाताची साल निघायची थांबली. शेवटच्या गोळीनंतर उरलेल्या चार मी डबीसकट शेख सिस्टरांना नेऊन दिल्या आणि तेव्हाच त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी डबी कपाटात ठेवली आणि विचारलं, "मग आता नवीन पेशंटला मी काय वेगळं सांगू?"

मी म्हटलं, "पेशंटवर सोडू नका. घरातल्या बाईला समोर बसवून सांगा. आजारी माणूस चांगलाच असतो असं धरून चालू नका."

त्या तसं करतात आता.

आजारी असलेल्यांना माझं सांगणं इतकंच. हेवा वाटेल. धडधाकट माणसांचा वाटेल, बाहेर गाडीवर भेळ खाणाऱ्यांचा वाटेल, आपल्याच लेकीसुनांचा वाटेल. त्याने तुम्ही वाईट ठरत नाही. पण तो कुणाला तरी बोलून दाखवा. मला तो बोलायला जागा नव्हती असं मी म्हणायचे. जागा होती. मी मागितली नव्हती.

सोनई

मुलगी झाली. हातांना दहा बोटं, पायांना दहा बोटं, रडणं खणखणीत. सुमेधने फोनवर सांगताना मला कितीतरी दिवसांनी 'आई' म्हटलं. गोळ्या संपल्यानंतरची माझी तपासणी तोवर झाली होती. सध्या काही दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

बाळाला बघायला ये असं मला कुणी म्हटलं नाही. नाव ठेवायच्या दिवशी मात्र पल्लवीचा यांना फोन आला, "आत्यांनाही आणा."

सोनईच्या घरात बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, बायका पंगतीला बसल्या. बाळ सगळा वेळ विहीणबाईंच्या मांडीवर होतं. त्यांना तिची प्रत्येक खूण कळत होती. ही भुकेची कुरकुर, ही झोपेची. मी समोर सतरंजीवर बसले होते, हात मांडीत घेऊन. पल्लवीने त्यांना सगळं सांगितलं होतं, ते मला दारात पाऊल ठेवल्याबरोबर त्यांच्या नजरेतून कळलं होतं.

बायका पांगल्या. खोलीत आम्ही तिघी आणि बाळ उरलो. आणि मला ते आलं, तेच जुनं, छातीशी जळजळणारं. पहिल्या दिवसापासून ही बाई माझ्या नातीला अंगाखांद्यावर घेते आहे. हिला सगळं मिळालं.

या वेळी मी ते गिळलं नाही.

"विहीणबाई," मी म्हटलं, "मला तुमचा फार हेवा वाटतोय."

पल्लवीने मान वर केली. विहीणबाई उठल्या, दोन पावलं चालून आल्या आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"घ्या मंग," त्या म्हणाल्या. "बारा दिस झालं, डोळ्याला डोळा न्हाई. लई रडती. तुमी सांभाळा, मी पडते जरा."

असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, पदर डोक्यावरून ओढला आणि थोड्या वेळाने घोरायला लागल्या.